जावई पिवळा पडलाय

आमच्या घरात दोन जावई. एक मुलीचा नवरा, दुसरा खिडकीजवळच्या कुंडीतला.

कुंडीतला म्हणजे सुपाएवढ्या, कातरल्यासारख्या पानांचं झाड. रोपवाल्याने सांगितलेलं त्याचं नाव हिच्या जिभेवर कधी बसलं नाही. मुलीचं लग्न झालं त्या साली आणलं आणि बघता बघता त्याने माझ्या खुर्चीची जागा घेतली. मी कुरकुरलो, तर ही म्हणाली, "चांगली जागा अडवतो, कामाला हात लावत नाही आणि वर बोलायची सोय नाही. जावईच की हा!" तेव्हापासून तो जावई. मुलीला मात्र कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं.

रोज सकाळी ही माझ्या जुन्या बनियनच्या फडक्याने एकेक पान पुसायची आणि त्याला माझी गाऱ्हाणी सांगायची. "जावईबापू, तुमचे सासरे आज पुन्हा चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधत होते." मी पेपरामागून ऐकायचो. मला ऐकू यावं म्हणूनच ती बोलायची.

ती गेली. झाड राहिलं. निदान ते तरी जाऊ द्यायचं नाही, एवढंच मनात होतं. माझा जन्म छापखान्यात गेला. मशीनला रोज तेल घातलं की ती नीट चालते, एवढं मला कळतं. म्हणून याला रोज न चुकता तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडायला लागली, तसं मी पाणी वाढवलं. एक पान देठासकट खाली आलं, त्या दिवशी राहवलं नाही. मुलीला फोन लावला.

"अगं, जावई पिवळा पडलाय."

"काय? सकाळी तर चांगला हसत कामावर गेला! तुमच्याकडे आलाय का तो?"

"इथेच आहे, खिडकीपाशी. मान टाकलीय. बुडाशी वासही येतोय."

"बाबा!"

दोघं धावतच आली. खरं काय ते सांगावं लागलं. मुलगी आधी चिडली, मग हसता हसता रडायला लागली. खरा जावई मोजकं बोलणारा. झाडाकडे बघत म्हणाला, "म्हणजे आई इतकी वर्षं माझंच तोंड पुसत होत्या?"

मग त्याने बाह्या वर केल्या, जमिनीवर पेपर पसरले आणि कुंडी आडवी केली. मुळं काळी, हाताला गिळगिळीत.

"बाबा, बुडवलंत की मला!"

कुजलेली मुळं कापून त्याने झाड नव्या मातीत लावलं. "आता आधी बोट खुपसून बघायचं. माती कोरडी लागली तरच पाणी."

"जगेल ना?"

"थोडी पांढरी मुळं आहेत. बघू."

"मग रोज सकाळी मी करू काय?"

कुंडीमागे हिचं फडकं वाळून कडक झालेलं पडलं होतं. मुलीने ते उचलून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी बोट घालून बघितलं. माती ओली होती. तांब्या ठेवून दिला. फडकं भिजवलं, पिळलं आणि उरलेली पानं पुसायला घेतली, खालून हात देऊन, ती द्यायची तसा. धूळ बरीच साचली होती.

"जावईबापू," मी म्हणालो, "तुमच्या सासूबाईंबद्दल एक गाऱ्हाणं आहे. पाणी किती घालायचं, ते सांगून नाही गेल्या."

जरा मोठ्यानेच म्हणालो. तिला ऐकू जावं म्हणून.