झुंबरबाईची ओवाळणी

वडनेर भोलजीच्या झुंबरबाईला साठावं लागलं आणि त्याच साली सुनेनं घराचा सगळा कारभार हाती घेतला. आशाबाई गुणाची होती, सासूच्या हाताला काम लागू देत नव्हती. आणि तिथंच झुंबरबाईचं बिनसलं. ती ओसरीवर बसे, लगेच उठे, गोठ्यात डोकावून येई, निवडलेली तूर पुन्हा निवडायला घेई.

"आत्याबाई, बसा नं जरा निवांत," आशाबाई म्हणे.

"बसून राह्यली का जीव घाबरा होते वं माहा."

तिचं माहेर पूर्णेच्या काठी. लहानपणी ती भावांबरोबर पोहायला शिकली होती. अकरा वर्षांची असताना एकदा ती पलीकडचा काठ गाठायला निघाली. निम्मी नदी मागं पडली आणि बापाची हाक आली. तिला बघायला पाहुणे आले होते. ती वळली. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पुढं भाऊ कितीदा तरी पार जाऊन आले, तिनं मात्र नदी फक्त बैलगाडीतून पाहिली.

भादव्यात शेतातली विहीर काठोकाठ भरली. एका दुपारी झुंबरबाईनं कासोटा आवळला आणि ती पायऱ्यांवरून पाण्यात उतरली. आधी नाकातोंडात पाणी गेलं. मग हातपाय आपसूक चालू लागले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली.

आठव्या दिवशी भाकरी घेऊन आलेल्या आशाबाईला विहिरीच्या काठावर सासूच्या वहाणा आणि कोरडं लुगडं दिसलं. तिनं हंबरडा फोडला. शेजारच्या वावरातून माणसं दोर घेऊन धावली. मुलगा पंजाबराव सगळ्यांत पुढं होता. त्यानं वाकून पाहिलं, तर आई पाठीवर तरंगत होती, डोळे मिटून.

"आई! काय करून राह्यली तू?"

"पोहून राह्यली. दोर काऊन आनला बे?"

माणसं हसली. पंजाबराव हसला नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, "उद्या काही झालं तर लोक म्हनतील, सुनेच्या जाचानं म्हातारीनं जीव देल्ला."

हे झुंबरबाईच्या मनात आलंच नव्हतं. चार दिवस ती विहिरीकडं फिरकली नाही. अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिली. जेवणही जाईना. पाचव्या दिवशी आशाबाईच म्हणाली, "चला आत्याबाई. मी काठावर बसते. मंग कोन काय म्हनते ते पाहू."

भाऊबीजेला झुंबरबाई माहेरी गेली. पाठचा भाऊ शालिग्राम पाटावर बसला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, नांदुऱ्याच्या बाजारात कापड मिळायची मारामार, तरी त्यानं बहिणीसाठी लुगडं मिळवलं होतं. ते तो ताटात ठेवू लागला तर तिनं त्याचा हात धरला.

"लुगडं नको मले. मले पूर्णा पार करायची हाये. तू डोंगा घेऊन मागं ये."

"बाई, वय काय तुहं?"

"ओवाळनीले नाई म्हनतेत का कोनी?"

शालिग्रामनं लुगडं बाजूला ठेवलं. मग उठून होडीचं वल्हं शोधायला गेला.

कार्तिकातलं पाणी गार आणि संथ होतं. झुंबरबाई धारेच्या मध्यापर्यंत नीट गेली आणि तिथं उजव्या पोटरीत गोळा आला. पाय दगड झाला. ती खाली गेली, वर आली, खोकली. शालिग्रामनं घाईनं वल्हं पुढं केलं. "धर, बाई! धर!"

तिनं धरलं नाही. ती पाठीवर वळली. आभाळाकडं तोंड करून, एका पायानं पाणी ढकलत, हळूहळू सरकत राहिली. धारेनं तिला खाली ओढलं, नेमल्या जागेपासून बरंच दूर. शेवटी पाठीला चिखल लागला तेव्हा तिला कळलं, काठ आला.

ती रांगत वर गेली आणि धापा टाकत बसली. डोंगा लावून शालिग्राम जवळ आला. बहिणीचा रंग उडालेला, ओठ थरथरत होते. त्यानं आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं. त्याचेच डोळे भरून आले होते.

"झालं नं आता मनासारखं? आता तरी स्वस्थ बसशीन?"

झुंबरबाई पोटरी चोळत होती. "मधात गोळा काऊन आला रे? घाई केली का म्या?"

"बाई!"

"परत जाताना डोंग्यातच बसते," ती म्हणाली. "पन होळीच्या आत अजून एकदा येऊ आपन. आशेलेबी आनते. पोहाले शिकून राह्यली थे."