शिदोरीपाशी कोण बसणार

"आई, तू बस शिदोरीपाशी. आमी आलोच बघून," असं म्हणत कल्याण जीपमधून उतरला. त्याच्या मागोमाग त्याची आई पुष्पाबाईही उतरली.

तीर्थपुरीहून ही मंडळी अजिंठ्याला निघाली होती. भोकरदनच्या पुढे अन्व्याचं जुनं देऊळ लागतं, म्हणून वाटेत थांबली. फाटकाशी संरक्षित स्मारकाची निळी पाटी होती.

या घराण्याची एक रीत होती. शिदोरीचं गाठोडं घेऊन देवाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत आणि ते एकटंही सोडायचं नाही, नाहीतर प्रवास सुखाचा होत नाही म्हणे. ही रीत सगळ्यांची, पण पाळायची एकट्या थोरल्या सुनेने. आधी सासू आसराबाई बसली, तिच्यानंतर पुष्पाबाई. त्यामुळे वेरूळ म्हटलं की पुष्पाबाईला गाड्या लावतात तिथलं लिंबाचं झाड आठवायचं आणि दौलताबाद म्हटलं की दारासमोरची पेरूवाली. अजिंठ्याची तर माकडंसुद्धा तिच्या ओळखीची होती, फक्त लेणी तेवढी बघायची राहिली होती. गावात मात्र ती ठणकावून सांगायची की आपलं सगळं बघून झालंय.

मागच्या आठवड्यात नात प्रांजलीने शाळेसाठी विचारलं, की अजिंठ्याच्या भिंती कशा दिसतात. आजीने आपल्या गावच्या मारुतीचं देऊळ डोळ्यांपुढे आणलं आणि ठोकून दिलं, पांढराशुभ्र चुना मारलाय. पोरगी हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आजीकडे बघत राहिली, आणि तेच पुष्पाबाईला फार लागलं.

"न्हाई बसणार," ती आता म्हणाली. "मी आत जाऊन राह्यले."

रामराव, तिचे यजमान, चपला काढत होते. ते नेहमीचंच बोलले, "आत काय हाये? दगडं हायेत."

"मंग तुमी बसा. तुमी लय येळा पाह्यलेत दगडं."

कल्याण इकडेतिकडे बघू लागला. सून साधना शहाणी, तिने भांडण मिटवायला गाठोड्याकडे हात नेला आणि म्हणाली की आत्याबाई, मी थांबते.

पुष्पाबाईने तिचा हात धरला. "आज तू बसलीस की तुझा जलम बी हितंच जाईल. चल."

रामराव जीपच्या दारात गाठोड्याशेजारी बसले.

पुष्पाबाई गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या चढली. आत गार होतं. खांब असे कोरलेले, की लाटण्याने लाटून वर नक्षी काढल्यासारखे वाटावेत. वर घुमटात वर्तुळात वर्तुळं होती. ती मान वर करून बघत राहिली, मान दुखली तरी बघत राहिली. मग बाहेर येऊन भिंतीच्या कडेने चालू लागली. भिंतीवर बायका होत्या, दगडाच्या, उभ्या, हातात कसली कसली हत्यारं घेतलेल्या. एकीचं नाक फुटलं होतं, तरी तिचा ताठा गेला नव्हता.

यांना हा माणूस दगडं म्हणतो? पुष्पाबाईला रडू येईल असं साधनाला वाटलं होतं, पण तिला राग आला होता. इतकी वर्षं आत हे होतं आणि ती बाहेर माकडं हाकत बसली होती.

"तुझी आजेसासू हितं दोनदा आल्ती," ती साधनाला म्हणाली. "मी तिला खोदून खोदून इचारलं, आत काय हाये. तर म्हणली, लय झ्याक हाये. मला तवा कळालं न्हाई. बिचारीनं बी न्हाई पाह्यलं."

पुष्पाबाईने त्या फुटक्या नाकाच्या बाईच्या पायांवर तळहात ठेवला. दगड उन्हाने तापला होता, तरी तिने हात काढला नाही.

कल्याण केव्हाच बघून खाली उतरला होता, त्याने दोनदा हॉर्न वाजवला. अजिंठा गाठायचा आहे, जल्दी करा, असं ओरडूनही झालं. पुष्पाबाईने देवळाला आणखी एक पूर्ण फेरी मारली आणि मगच ती खाली उतरली. जीपपाशी येऊन तिने चपला घातल्या आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अजिंठ्यात बी मी आत येणार हाये. समद्या लेण्या बघणार. तिथं कोण बसायचं ते तुमी आत्ताच ठरवा."

रामरावांनी गाठोडं आपल्या मांडीवर ओढलं, पाय आखडून घेतले आणि तिला चढायला वाट करून दिली.