नर्सबाईंचं नाव

चार दिवस मुलगी शाळेत गेली नव्हती, आणि परीक्षेचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस. हजेरीत तिचं नाव आलं की वर्गातली पोरं किल्ल्या खुळखुळवत. का? तर सोळा वर्षांपूर्वी प्रसूतिगृहाला आग लागली, तेव्हा त्या नावाच्या नर्सने मागच्या दाराला कुलूप घालून पळ काढला आणि दोन बाळं गुदमरून गेली, असं सारं गाव सांगतं. नाव मी इथे लिहीत नाही, मंडळी. त्या नावाची एखादी तुमच्याही शेजारी असेल, तिच्या डोक्याला ताप नको!

"नाव बदला, बाबा, नाहीतर मी परीक्षेला बसत नाही. जीव नकोसा झालाय मला!"

बाबा त्याच प्रसूतिगृहात पहारेकरी. तिला घेऊन ते शाळेत गेले.

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद पुढे सरकवला. "कारण लिहा."

"पोरं चिडवतात."

"ते बदलायचं कारण झालं. पण गाव ज्या नावावर थुंकत होतं, तेच पोटच्या पोरीला का दिलंत?"

"आवडलं म्हणून."

"काहीतरीच! पोर मान खाली घालून जगतेय. निदान तिला तरी खरं सांगा."

बाबा मुलीकडे वळले. "कुलूप मी लावलं होतं! भेटीची वेळ संपली तरी नातेवाईक मागून घुसायचे, म्हणून. किल्ली खिशात टाकून चहाला गेलो. नर्सबाईंनी धुरातून तीन बाळं खाली आणली. तोवर पुढचा जिना पेटला. उरलेल्या दोघांसाठी बाहेरून मागच्या दाराकडे धावल्या, तर कुलूप. दार बडवून हात फुटले त्यांचे. चौकशीत मी म्हणालो, किल्ली त्यांच्याकडेच होती. तुझी आई पोटुशी होती, नोकरी गेली असती गं. त्यांची गेली. दोन महिन्यांत झुरून त्याही गेल्या. मग तू झालीस. म्हटलं, त्यांचं नाव तरी घरात राहील. तेवढीच फेड."

मुलगी पांढरीफटक पडली. "पाप तुमचं, आणि फेडत होते मी? माझ्या नावाआड लपलात, बाबा!"

बाबांना वर बघवेना.

मुलीने डोळे पुसले. "नाव राहू दे. त्या बाईंचं आहे, मी का टाकू? पण आत्ता वर्गात चला आणि हेच सांगा."

"नोकरी जाईल. लोक दारात उभं करणार नाहीत."

"त्यांनाही कोणी केलं नव्हतं!"

पहारेकरी उठले. चाळीस पोरांसमोर ते उभे राहिले. मग रडत रडत, अडखळत, त्यांनी सगळं सांगितलं. वर्गात कोणी हसलं नाही.

बंधुभगिनींनो, ज्याचं नाव आपण मातीत घातलं, त्याचं नाव लेकराला देऊन ऋण फिटत नाही. त्यासाठी चारचौघांत तोंड उघडावं लागतं, आणि तो माणूस जिवंत आहे तोवर उघडावं लागतं. नर्सबाईंच्या बाबतीत ते कोणीच केलं नाही.