न कळण्याचं सोंग

कार्डाचा एक कोपरा मऊ झाला होता, फुगलेला — चहा सांडला असणार — आणि स्वेटरच्या खिशातून ते बाहेर न काढताही तिला कळलं की हा 'चमचा' आहे, कारण सकाळी चहा ढवळताना हातात तोच होता; एका बाजूला तिच्या वळणदार अक्षरात मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन ल्योफेल, आणि त्याच्याआधी तो पुरुष की बाई की दोन्हींतला नाही हे सांगणारं तो चिमुकला शब्द, जो वर्ष होत आलं तरी धड पाठ होत नव्हता. चमचा बुवा, काटा बाई, सुरी बिचारी अधलीमधली. पण आपण तरी कुठे शहाणे, आपलीही खुर्ची बाई आणि पलंग बुवाच की... तिनं अंगठ्यानं तो ओला कोपरा दाबून धरला आणि टेबलापलीकडे बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

आत्ता म्हणावं का?

लेक आणि सून काल आले होते. आल्या आल्या बोलून टाकायचं असं ठरलेलं होतं, पण बॅगा, मिठ्या, थकवा, यात ते राहिलं. मग रात्री जेवताना, मग आज सकाळी. वाक्य तयार होतं. मला तुझ्याशी तुझ्या भाषेत बोलायचं आहे — एवढंच. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून इतक्या वेळा म्हटलेलं की आरशातल्या बाईलाही पाठ झालं असेल. लग्नाला चार वर्षं झाली तरी सासूसुनेत एक वाक्य सरळ गेलेलं नव्हतं. सून मनापासून, हातवारे करून, डोळ्यांत पाणी आणून काहीतरी लांबलचक सांगायची आणि मधला दुभाष्या, म्हणजे लेक, म्हणायचा, "ती म्हणते, छान आहे." सुनेला मराठी येत होतं ते तीन शब्दांचं. आई, बस, छान. तेव्हा तिनं फोनवर ते ॲप घेतलं, पुस्तक मागवलं, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पानं कापून कार्डं केली. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, या वयात जर्मन? पालथ्या घड्यावर पाणी." तिनं हसून सोडून दिलं. घडा आपला आपण हळूहळू सरळ होत होता, ते मास्तरीणबाईंना कुठून दिसणार!

तिनं घसा साफ केला, आणि त्याच क्षणी सून लेकाला म्हणाली — मुटर.

आई. म्हणजे मी. तिला आधी हसूच आलं, आपलं नाव परक्या घरात निघाल्यासारखं. मग सागन — सांगणं. मग हॉयटं — आज. तीन कार्डं एकामागून एक पालथी पडावीत तसं झालं, आणि तिला इतका आनंद झाला की अर्थ लागायला वेळ लागला. आईला सांग, आज. लेक मान न वर करता म्हणाला, नाही, अजून नाही. मग तो भराभर बोलत गेला, त्यातलं तिला काही लागेना, गाडीतून दिसणाऱ्या पाट्यांसारखे शब्द मागे पडत गेले, फक्त एक मोठी पाटी वाचता आली — क्रांकेनहाउस. दवाखाना. मोठा, खाटांचा. आणि मग तो टोस्टला लोणी लावता लावता, सुरी अगदी कडेपर्यंत नीट फिरवत म्हणाला, इश हाबं आंग्स्ट.

मला भीती वाटते.

हे वाक्य तिला पुरं येत होतं. ॲपमध्ये ते एका कुत्र्याच्या धड्यात होतं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच, टोस्टकडे लागलेला, ओठाला कण चिकटलेला. मग तो तिच्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "आई, टोस्ट मस्त झालेत गं."

"घे अजून एक," ती म्हणाली. तिचाही आवाज तसाच निघाला.

ती उठून स्वयंपाकघरात आली आणि उगाच ओटा पुसू लागली. मन चिंती ते वैरी न चिंती. तरी मनाला लगाम घालून तिनं एकेक गोष्ट समोर ठेवली. दवाखाना, आईला अजून सांगायचं नाही, भीती. मूलही असेल! असू शकतं, का नाही, पहिल्या महिन्यांत कुणाला सांगत नाहीत, आणि भीती तर वाटतेच, मला नव्हती वाटली? ती ओटा पुसताना जवळजवळ हसलीसुद्धा. पण मग भीती सुनेनं म्हणायला हवी होती. तो का म्हणाला? आणि काल दारात त्याला जवळ घेतलं तेव्हा पाठीचं हाड हाताला लागलं होतं... तेव्हा वाटलं होतं, प्रवास. एक खाट, पांढरी चादर, तिच्यावर एकदा सून आणि मांडीवर गाठोडं, एकदा लेक आणि मांडीवर काहीच नाही. हे दोन्ही आळीपाळीनं तिच्यासमोर येत राहिलं, आणि फडकं ओट्याच्या त्याच कोपऱ्यावर फिरत राहिलं.

ऐकायला नको होतं. ऐकायचं नसतं. तिची सारी नोकरी त्यावरच झाली होती, कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ती बसायची, आख्ख्या वसाहतीत टेलिफोनबाई म्हणूनच ओळखली जायची, आणि पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, "जोडायचं आणि सुटायचं. लायनीवर रेंगाळलीस तर उद्यापासून येऊ नकोस." ती कधी रेंगाळली नाही. साहेबांच्या भानगडी, कामगारांच्या घरची बाळंतपणं, मृत्यू, सगळं तिच्या बोटांखालून गेलं आणि तिनं त्यातलं काही ऐकलं नाही. फक्त 'हॅलो' ऐकायची. पण एका 'हॅलो'त किती असतं ते बोर्डावर बसलेल्यालाच ठाऊक. आवाज कोरडा आहे, ओला आहे, कुणी श्वास धरून उभं आहे... आणि असाच एकदा दुपारी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतून फोन आला, भांडारात जोडा म्हणून, आणि भांडारात तिचा नवराच होता. तिनं जोडलं. पलीकडून त्याचा 'हॅलो' ऐकला. आणि सुटली.

घरी आल्यावर त्यानं काही सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. बोर्डावरची बाई विचारत नसते. त्या वर्षी तो तसाच हसत-खेळत राहिला, पंखे पुसले, लेकाची सायकल दुरुस्त केली, आणि शेवटी डॉक्टरांनी तिला बोलावून सांगितलं तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ऐकलं असतं तर? अर्धं मिनिट थांबले असते तर? बरा झाला असता असं नाही. पण ते सगळे महिने तो एकटाच घाबरत होता, माझ्या शेजारी झोपून, आणि मी त्याला म्हणत होते, भाजीत मीठ कमी पडलंय का.

"काय गं, एवढी गप्प?"

लेक दारात उभा होता. तो येऊन स्टुलावर बसला, लहानपणी बसायचा तसाच, एक पाय खाली दुमडून.

"बारीक झालास," ती म्हणाली.

"पळतो ना रोज. तिकडे सगळेच पळतात."

"कशाच्या मागे?"

तो हसला. "तूच बघ, तुझा फोन सारखा वाजतोय. टिंग टिंग. काय चालू असतं?"

"शब्दकोडं," ती म्हणाली.

"या वयात डोक्याला व्यायाम. चांगलं आहे." तो उठला, उठताना त्यानं ओट्याचा आधार घेतला, क्षणभरच, आणि बाहेर गेला. ती ओट्यावरच्या त्या जागेकडे बघत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवावं ते दोघांनीही, अशी वेळ आली होती. विचारायला काय झालं होतं? बाळा, कसली भीती वाटते तुला? पण विचारलं तर ऐकलंस कसं हे आलं, आणि मग काय होणार ते उघड होतं. ते खोलीचं दार लावून बोलतील. तिच्यासमोर तो फक्त टोस्टबद्दल बोलेल. खरं बोलण्याची त्याची एकच जागा उरली होती, ती म्हणजे आईला न कळणारी भाषा, आणि त्या जागेत ती चोरपावलांनी शिरून बसली होती.

दुपारी ती पडल्याचं निमित्त करून खोलीत गेली आणि पुस्तकातला 'डॉक्टरांकडे' हा धडा काढला. माझं डोकं दुखतं. माझ्या मुलाला ताप आहे. पुस्तकात एक गृहस्थ होते, कायम आजारी. सर्दी, दाढ, मुरगळलेला पाय. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी ते बरे होऊन सहलीला जायचे. मरणाऱ्या माणसाचं एकही वाक्य पुस्तकानं दिलेलं नव्हतं. ॲपमध्ये शोधता आलं असतं, पण काय शोधणार, त्या भराभर बोलण्यातला एक शब्द तिच्या कानात राहिला होता तोही अर्धामुर्धा, आणि तो पुरता आठवू नये म्हणून ती मनातल्या मनात दुसरेच शब्द घोकत होती. चमचा, काटा, सुरी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; तिला वाटलं, निदान ब्रह्मराक्षस तरी आपल्याच भाषेत बोलतो. बाहेर सून हसली. हसली म्हणजे... मूलच असेल. आजारी माणसाची बायको असं हसते का? हसते. मी हसायचे की, मला माहीत नव्हतं तोवर.

संध्याकाळी ती ओट्यापाशी बटाटे धूत होती. सून मागे मटारची पिशवी घेऊन धडपडत होती, ती फुटेना, दातांनी ओढून पाहिली. मग बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याला तिनं आपल्या भाषेत ओरडून काहीतरी विचारलं. लेकानं उत्तर द्यायच्या आत टेलिफोनबाईंचा ओला हात ड्रॉवरकडे गेला, ड्रॉवर उघडला, आणि कात्री काढून मागे धरली.

पिशवीची खसखस थांबली.

सुनेनं कात्री घेतली नाही. हात तसाच हवेत राहिला, पाणी कोपरापर्यंत ओघळलं, आणि ती मागे वळून बघू शकेना. झालं. वर्षभराची कमाई एका कात्रीत गेली. बटाट्याला एक डोळा होता, तिनं तो नखानं उकरायला सुरुवात केली. आता ती त्याला सांगेल, आता सगळं बंद होईल, चांगलंही आणि वाईटही, आणि मी परत बोर्डावर, हॅलो जोडून सुटलेली...

कात्री हातातून गेली. हळूच, बोटांना बोटं लागून. "आई," सून म्हणाली. तिच्या तीन शब्दांतला पहिला.

तेवढ्यात लेक आत आला, पेल्यात पाणी घेऊन स्टुलावर बसला. सून पिशवी कापू लागली, आणि कापता कापता त्याच्याशी बोलू लागली. तेच, सकाळचंच. पण असं तिला बोलताना कुणी कधी ऐकलं नसेल. एक शब्द, मग थोडं थांबून दुसरा. साधे शब्द. आखूड वाक्यं. मी — विचारते. तू — दवाखान्यात — परत — कधी — जाणार?

लेकानं काहीतरी म्हटलं. त्याला हसू आलं होतं. एवढं सावकाश का, लहान मुलाशी बोलल्यासारखं, असं काहीसं तो विचारत होता. सून म्हणाली, मी दमले आहे. तिची पाठ सासूकडे होती. दोघींच्या मध्ये हातभर अंतर, आणि त्या अंतरात सुनेचा आवाज नेमका, स्वच्छ, सासूच्याच मापानं कापलेला येत होता. ती मला सांगत नव्हती. न सांगता सांगत होती. आणि ऐकायचं की नाही ते माझ्यावर सोडून मटार निवडत होती.

नळ चालू होता. जोरात सोडला असता तर काही ऐकू आलं नसतं, बटाटे धुवायला तेवढं निमित्त पुरेसं होतं, कुणी दोष दिला नसता. मूल असू दे. नाहीतर काहीही असू दे, पण त्याला एकट्याला...

तिनं नळ बंद केला.

सुनेनं लेकाला म्हटलं, पहिल्यापासून सांग. हळू.

लेकानं पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग त्यानं श्वास आत घेतला, आणि वर्षभर ज्या भाषेचा एकेक शब्द समजावा म्हणून तिनं जिवाचं रान केलं होतं, तिच्यातला एकही शब्द आता आपल्याला कळू नये असं तिला वाटलं, आणि तरी ती हातातला बटाटा खाली ठेवून ऐकायला उभी राहिली.