कॅमेऱ्यासमोरून नाहीशी

शनिवारी सकाळी पावणेदहाला, परीक्षा रंगात आलेली असताना, मोरेनिके कॅमेऱ्यासमोरून नाहीशी झाली.

परीक्षा नेटवर्क-सुरक्षेच्या आराखड्याची. इबादान शहरातल्या तिच्या कंपनीत मुख्य आराखडाकाराची जागा रिकामी होती. प्रमाणपत्र मिळालं तर जागा तिची. नाहीतर लागोसहून कुणीतरी येऊन बसणार. परीक्षा घरूनच द्यायची होती. तोंडातून शब्द काढायचा नाही, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जायचं नाही. दूरदेशीचा पर्यवेक्षक पडद्यावरून पाहत असतो.

पावसाळाभर अभ्यास करून तिने शेवटी घराचाही आराखडा आखला होता. वीज गेली तर बॅटरी तयार. शेजाऱ्यांचा जनरेटर गोड बोलून मागच्या अंगणात हलवलेला. फाटकावर नवरा, ग्बोलाहान.

"कुणालाही आत सोडू नकोस," तिने बजावलं होतं. "घरच्या माणसावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे आमचं पहिलं तत्त्व."

"मग माझ्यावर कसा ठेवतेस?"

"दुसरं कोण आहे मला?"

पावणेदहाच्या सुमारास फाटकाशी ग्बोलाहानची आई आली, इसेयिन गावाहून, याम कंदाच्या पिठाचं गाठोडं घेऊन. त्याने मुकाट्याने फाटक उघडलं. सासूबाई थेट खिडकीशी आल्या. "मोरेनिके, बरी आहेस ना गं?"

मोरेनिके चकार शब्द बोलली नाही. नियम तिच्या पक्का लक्षात होता. मात्र थोरांची हाक कानावर पडताच गुडघे आपोआप जमिनीला टेकले. पर्यवेक्षकाला दिसली ती रिकामी खुर्ची.

ती उठली तेव्हा परीक्षा थांबलेली होती आणि पडद्यावर प्रश्न होता, "कुठे होतात?"

"सासूबाईंना नमस्कार करत होते," तिने टाइप केलं.

"टेबलाखाली?"

"आमच्याकडे गुडघे टेकून करतात."

बऱ्याच वेळाने परीक्षा पुन्हा सुरू झाली. तिने उरलेले प्रश्न सोडवले आणि बाहेर आली.

"आईला अडवायला काय झालं होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तू अडवून दाखव."

सासूबाई पीठ चाळत होत्या. "त्या माणसाला माझा नंबर दे," त्या म्हणाल्या. "सून गुडघे न टेकता बसून राहिली असती, तर त्याची आई काय म्हणाली असती, तेवढं विचारते."

"आई, तो फोन घेत नाही."

"मग कसला पर्यवेक्षक?"

मोरेनिकेला हसू आवरेना.

सोमवारी दुपारपर्यंत परीक्षेच्या संकेतस्थळावरच्या तिच्या खात्यावर एकच ओळ होती: निकाल राखून ठेवला आहे, चित्रफितीची तपासणी चालू.