दुर्गाबाईंच्या चक्कीवरचं इंजिन

तेरा एप्रिलला सकाळी साडेनऊ वाजता, बार्शीटाकळीपलीकडच्या एका खेड्यात, दुर्गाबाईंच्या पीठचक्कीचं वर्षभर बंद पडलेलं इंजिन सुरू झालं. सुरू केलं बडनेऱ्याच्या धर्मपाल तायडेने, आणि तिथंच तो फसला.

तो ते इंजिन उचलून न्यायला आला होता. वडिलांच्या जुन्या निळ्या पिकअपचा ब्लॉक होळीच्या आधीच तडकला होता. अमरावतीचं भंगार पालथं घातलं, अकोल्याचं घातलं. अकोल्यातला एक भंगारवाला शेवटी म्हणाला, "भाऊ, हे इंजिन आता गाडीत भेटत नसते. खेड्यायच्या चक्क्या पाहा." चौदा तारखेच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा त्याच पिकअपवरून निघायची, धर्मपालच्या जन्माआधीपासून. वडील गेल्यानंतरची ही पहिली जयंती. इंजिन बसवायला आख्खी रात्र लागणार होती, म्हणजे संध्याकाळच्या आत बडनेरा गाठणं भाग होतं.

"न्या बाप्पा," दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. "करंटवाली चक्की झाल्यापासून इकडे कोनी भटकत नाही."

पण आवाज ऐकल्याशिवाय इंजिन घ्यायचं नाही, हा वडिलांचा नेम. धर्मपालने टाकी धुतली, फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीतली हवा काढली. लोड घेतं का पाहावं म्हणून जात्याचा पट्टाही चढवला. इंजिनाने खोकून काळा धूर सोडला आणि एका लयीत धडधडू लागलं. आवाज गावभर गेला.

गावातलं रोहित्र जळून तीन दिवस झाले होते, विजेची चक्की ठप्प होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या आल्या वच्छलाबाई. डोक्यावर गव्हाचा डबा.

"मावशी, चक्की बंद हाये," धर्मपाल म्हणाला.

"बंद हाये तं हे काय वाजून राहिलं? तुय पोट?"

दुर्गाबाई हसल्या. हात जोडून त्याला म्हणाल्या, "एवढा एक दळून द्या, भाऊ. मंग खोला."

"एक काहून, आता लागतीन तेवढे देतो," धर्मपाल बोलून गेला.

चक्कीचा कायदा जुना आहे. रांगेत लागलेला डबा हा दिलेला शब्द. मालक जेवायला उठेल, पण डबा तसाच परत पाठवणार नाही. दुर्गाबाईंनी नवऱ्याच्या मयतीच्या दिवशीसुद्धा लागलेले डबे दिराकडून दळून घेतले होते. धर्मपाल चहा पिऊन परतला तेव्हा डबे ग्रामपंचायतीच्या नळापर्यंत गेले होते. पिंपं, बादल्या, एक प्रेशर कुकर.

दुपारी त्याने पाना उचलला.

"तुमी बंद करा, मी काही म्हनत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "इंजिन तुमचं हाये. पन डबेवाल्यायले तुमीच सांगा."

तो रांगेपाशी गेला. वच्छलाबाई आता दुसरा डबा घेऊन त्यावरच बसल्या होत्या.

"सांग, भाऊ. कोनत्या डब्यापासून नाही म्हनतं?"

"मावशी, उद्या आमच्याकडे जयंती हाये. गाडी इंजिनाशिवाय उभी हाये."

"मंग आमच्याकडे काय हाये?" त्यांनी झाकण उघडून गहू दाखवले. "हे उद्याच्या भोजनदानाचंच हाये सारं. विहारात सात गावं जेवतात. बाबासायबाची गाडी निंघावी म्हनून बाबासायबाची पंगत उपाशी ठेवतं का?"

धर्मपालने पाना खिशात घातला. परत जाऊन त्याने जात्यावरच्या चाड्यात गहू ओतला. पिठाने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

पाचच्या सुमारास मायाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. इंजिनाच्या आवाजात तिला ओरडावं लागलं.

"गाडीले फुलं लावून झाले. पोरं म्हनतात, नाही आलं इंजिन तं ढकलत नेऊ!"

"ढकलू नका! निघतोच मी."

"निघतो काय? गाडीचा आवाज येऊन राहिला न मले. कुठवर आले?"

धर्मपालने चालत्या इंजिनाकडे पाहिलं. "चांगलं चालते," एवढंच तो म्हणाला.

सहा वाजता इंजिन न्यायला आणलेला भाड्याचा टेम्पो चक्कीसमोर रिकामाच उभा होता. नव्या रोहित्राची गाडी अकोल्याहून निघाल्याचा सरपंचांना फोन होता, पोचल्याचा नव्हता. रांग नळापाशी वळली होती. तिचं शेपूट चक्कीच्या दारातून दिसत नव्हतं.