आपोआप लागणारी दारं

विजेच्या तारेला खोटं बोलता येत नाही आणि म्हणून तिचं काम करणाऱ्यानंही खोटं बोलू नये, असं वाटूर फाट्यावरचे गाड्यांचे वायरमन तातेराव मिस्त्री बावीस वर्षं मानत आले होते. ‘गाडी उद्या नक्की देतो’ हे वाक्य त्यात धरलेलं नव्हतं.

बिघाडाच्या बाबतीत मात्र ते कडक. जळका फ्यूज असो की तुटकी वायर, ती गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवल्याशिवाय ते बॉनेट लावत नसत.

आत्ता ते काकासाहेबांच्या अंगणात उकिडवे बसले होते आणि समोरची पांढरी गाडी स्वतःच्या मनानं चारही दारं लावत होती, उघडत होती. टक. टक.

“पाहून राह्यले ना?” काकासाहेब म्हणाले. “चावी माझ्या खिशात हाय.”

“कधीपासून?”

“दसऱ्याला पूजा झाली, तवापासून. जालन्यात दाखवली. ते म्हणले, सेंट्रल लॉकचा सगळा सेट बदला. बदलला. पंधरा दिवस बराबर चालली, मंग पुन्हा तेच.”

ओसरीवर काकासाहेबांच्या आई, गोजरबाई, बसल्या होत्या. त्यांचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याच्या मोतीबिंदूसाठी आज चारपर्यंत जालन्याच्या दवाखान्यात पोचायचं होतं. दोन तारखा आधीच चुकल्या होत्या. पहिल्या तारखेला फाट्यावर काकासाहेब पान खायला उतरले आणि गाडीनं गोजरबाईंना आत ठेवून दारं लावून घेतली. चावीही आतच. त्या खिडकीजवळची कुलपाची खुंटी वर ओढत, गाडी ती खाली ओढे. अर्ध्या तासानं काच फोडून त्यांना काढलं. तेव्हापासून त्या कुठल्याच वाहनात बसायला तयार नव्हत्या. एस.टी.तसुद्धा.

“मिस्त्रीला कशाला तरास देतो?” त्या म्हणाल्या. “गाडीत दोष न्हाई. मी पांढऱ्या कपाळाची. तिला चालत न्हाई.”

“माय, गाडीला कपाळ दिसत न्हाई. तिला बारा व्होल्ट तेवढे समजतात.”

“मंग मी बसले की दार का लावून घेती?”

तातेरावांनी टेस्ट लॅम्प लावून पाहिला. फ्यूज ठीक. रिले ठीक. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरी हमखास तुटतात, त्याही ठीक. शेवटी त्यांनी ड्रायव्हरच्या दाराचं आतलं आवरण काढलं. बाकीच्या तीन दारांना हुकूम सोडणारा स्विच तिथं असतो. तो हिरवा पडला होता, चिकट झाला होता आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. तातेरावांनी तो हुंगला. खोबरं.

“काकासाहेब,” त्यांनी आवाज उतरवला, “ह्या दारावर नारळ कोण फोडतं?”

“आई. दसऱ्याला फोडला. मंग गाडी बिघडली तशी दर आमुशाला कुलपावर नारळाचं पाणी घालून राह्यली. गाडीचा राग जावा म्हणून.”

“सापडलं का रं?” ओसरीवरून आवाज आला.

बावीस वर्षांच्या सवयीनं तातेरावांचा हात स्विच घेऊन पुढे निघाला. मग तो वळला आणि खिशात गेला.

“सापडलं, माय. उंदीर.”

“उंदीर?”

“वायर कुरतडली त्यानं.”

“दाखव मंग. तू समद्यांच्या हातावर ठेवतो म्हणं.” गोजरबाईंनी तळहात पुढे केला.

तातेरावांनी पिशवीत हात घातला आणि जुन्या वायरीचा एक तुकडा त्या हातावर ठेवला. गोजरबाईंनी तो डोळ्याजवळ नेला, काही दिसेना, तेव्हा अंगठ्यानं चाचपला.

“दात लागलेत,” त्या म्हणाल्या.

दात खरेच लागले होते. तातेराव वायर दातानंच सोलत.

“म्हंजे माझ्यामुळं न्हाई?”

“तुमचा काय संबंध? उंदराला कोण बसलं, कोण न्हाई, काय कळतंय?”

गोजरबाईंनी तो तुकडा पदराच्या गाठीत बांधला.

तातेरावांनी भंगारातल्या गाडीचा एक चांगला स्विच बसवला आणि हात पुसत म्हणाले, “आन् एक, माय. पूजा करा, पर पुढून. गाडीचं तोंड पुढं असतंय. दाराला काय समजत न्हाई.”

“बरं. पर आधी तू बस.”

“कुठं?”

“आत. माझ्याशेजारी.”

दुसऱ्यांच्या गाड्यांखाली बावीस वर्षं झोपलेले तातेराव पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसले, तेही ग्रीसच्या पँटनं, म्हणून खाली पोतं टाकून. दारं लागली. कुठंही टक झालं नाही. तरीही जालना येईपर्यंत गोजरबाईंनी त्यांची बाही सोडली नाही.

ऑपरेशन झालं. डोळा वाचला. सेंट्रल लॉकनं पुन्हा कधी तक्रार केली नाही.

पुढच्या जाळीमागचा हॉर्न मात्र दर अमावास्येला बंद पडतो.